शिव्यांचा अल्बम

पुरस्काराची बातमी आली तेव्हा माझ्या हातात कुणाच्या तरी रक्ताची ट्यूब होती. ती खाली पडली नाही एवढंच नशीब. नांदेडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नोकरी करते. तिथे फोन वाजला की सगळे डोळे वटारतात, म्हणून मी तो मुका करून खिशात ठेवते. त्या दिवशी तो इतका थरथरत राहिला की शेवटी जिन्यात जाऊन घेतला. पलीकडे आमचा ड्रमवाला ओरडत होता, "ताई, आपलाच! आपलाच नंबर लागला!"

"कशाचा?"

"अल्बमचा! वर्षातला सगळ्यात भारी मेटल अल्बम! पुऱ्या देशातून!"

मग मी जिन्यात अशी काही किंचाळले, की वरच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातला एक पेशंट तोंडात कापूस तसाच ठेवून बाहेर बघायला आला.

किंचाळणं हे माझं कामच आहे, लॅबमधून उरलेल्या वेळातलं. आमचा तिघांचा ब्लॅक मेटल बँड आहे. ज्यांनी हा प्रकार ऐकला नाही त्यांना थोडक्यात सांगते. गिटार इतकी जलद छेडायची की एक सूर दुसऱ्यात मिसळून नुसती भणभण उरावी. ड्रम त्याहून जलद. आणि गाणाऱ्या माणसाने गायचं नाही, नरडं फाटेस्तोवर किंचाळायचं. हे संगीत बर्फाच्या देशांतलं. तिकडचे लोक अंधारावर, जंगलावर, थंडीवर गाणी करतात आणि तोंडाला काळं-पांढरं फासतात. आम्हीही एकदा काजळ आणि टाल्कम पावडर लावून मे महिन्यात फोटो काढायला गेलो होतो. पाच मिनिटांत घामाने सगळं वाहून गळ्यापर्यंत आलं आणि आम्ही तिघं भुतं न दिसता होळीला आडोशाला गाठून रंगवलेली पोरं दिसायला लागलो. तेव्हाच मी ठरवलं, बर्फ आपला नाही. आपल्याकडे ऊन आहे आणि कोरडा नळ आहे, त्यावरच काय ते करायचं.

म्हणून अल्बमचं नाव 'दहा दिवसांआड'. लातूरच्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या लातुरात नळाला पाणी दहा दिवसांआड यायचं, कधी त्याहून उशिरा. आणि ते पाणी सोडणारे आमचे अण्णा. माझे वडील. तीस वर्षं त्यांनी व्हॉल्व्ह फिरवण्याची नोकरी केली. लोक त्यांना 'वॉलमन' म्हणायचे. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून ते निघायचे, चौकातल्या चेंबरचं झाकण सरकवायचे, चावी आत घालून फिरवायचे, आणि त्या गल्लीत पाणी यायचं. वेळ संपली की परत येऊन बंद करायचे. यातलं बंद करणं हे खरं जिवावरचं काम. सोडायला आले की अण्णा देव, बंद करायला आले की राक्षस, आणि मध्ये फक्त एक तास.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या मागे कॅरिअरवर बसून जायची, त्यामुळे शिव्या पहिल्यापासून कानावर आहेत. तुझं वाटोळं व्हईल. तुझ्या नरड्याला कोरड पडंल. तुझ्या तोंडात माती पडंल. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं म्हणजे, "सोताच्या घरी रोज सोडत असशील की रं, आमालाच तेवढं वाळवायलायस!" अण्णांनी उलटून कधी शब्द काढला नाही. झाकण सरकवायचे, चावी बांधायचे, पुढची गल्ली. मला मात्र राग नाकाच्या शेंड्यावर. मी कॅरिअरवरून मागे वळून जीभ दाखवायची. एकदा दगडही मारला होता, तो नेमका एका कोंबडीला लागला.

आमच्या चौकाच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे. ती चालवणाऱ्या काकूंचा आवाज सबंध वार्डात प्रसिद्ध होता. गिरणीच्या खडखडाटावर मात करून "ज्वारी हाय का गहू?" असं विचारण्यात ज्या बाईचा जन्म गेला, तिचा आवाज कसा असणार! मी चौथीत असताना एका दुपारी अण्णा व्हॉल्व्ह बंद करत होते, काकूंचा एक हंडा रिकामा राहिला होता. त्या गिरणीच्या दारात उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "वॉलमन! मरताना तुझ्या तोंडात पाणी पडणार न्हाई!" रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं. अण्णांनी मान खाली घालून झाकण सरकवलं. मी मात्र घरी जाऊन तांब्याभर पाणी त्यांच्या अंथरुणाशेजारी ठेवलं, आणि पुढे कित्येक महिने रोज ठेवत राहिले. चौथीतल्या पोरीला शाप म्हणजे शापच वाटतो.

तर आमच्या अल्बममध्ये माझ्या पदरचं एक अक्षर नाही. सगळ्या गाण्यांत त्या चौकातल्या शिव्या आहेत, जशाच्या तशा. अण्णांनी जे गिळलं ते मी बाहेर काढलं, इतकंच. शेवटचं आणि सगळ्यात मोठं गाणं काकूंच्या त्या एका वाक्यावर आहे. आणि खरं सांगायचं तर आवाजही मी त्यांचाच उचलला. लोक मला विचारतात, किंचाळायला कुठे शिकलात? काय सांगणार, गिरणीवर!

रेकॉर्डिंग नांदेडला झालं, एका किराणा दुकानाच्या वर. तिथे एरवी भजनं आणि रिक्षातून फिरवायच्या जाहिराती रेकॉर्ड होतात. आमचा गिटारवाला बिलोलीकडे शाळेत विज्ञान शिकवतो, तो शनिवारी दुपारी एसटीने यायचा. ड्रमवाला मूळचा वरातीत ताशा बडवणारा, त्यामुळे त्याच्या मनगटाला वेग काही शिकवावा लागला नाही. स्टुडिओच्या मालकांनी माझा पहिला टेक ऐकून काचेपलीकडून हात जोडले. "ताई, घसा लई बसून राहिला तुमचा. परवा या. तवर हळद-दूध घ्या." मी म्हटलं, "काका, हाच माझा आवाज." त्यांनी बराच वेळ माझ्याकडे दयेने पाहिलं. पुढे मात्र त्यांना गोडी लागली. शेवटच्या गाण्याला डोळे मिटून मान हलवत होते, जणू काही अभंगच चालू आहे.

आणि हा अल्बम देशात पहिला आला! आम्ही तिघं त्या संध्याकाळी रसवंतीवर भेटलो आणि नुसते हसत बसलो. गिटारवाला दर दोन मिनिटांनी फोन उघडून निकाल पुन्हा वाचायचा, बदलला तर नाही ना म्हणून. परीक्षकांनी लिहिलं होतं की असा अस्सल संताप फार दिवसांत ऐकला नाही. मी म्हटलं, अस्सल असणारच, नळावरचा आहे. उसाचा रस तीन-तीन ग्लास झाला तरी आमचं पोट भरेना.

रात्री अण्णांना फोन केला. त्यांना अल्बम म्हणजे कॅसेट. "कॅसेटला बक्षीस? पुऱ्या देशातून?" नंतर नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "गाण्यात काय हाय म्हणलीस?"

"पाणी," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन. "ऐतवारी ये. सत्कार ठेवलाय समाजमंदिरात. दोस्तांनाबी आण. कॅसेट सगळ्यांना ऐकवू. पुरी."

आमच्याकडे कुणाची कॅसेट निघाली, की गल्लीला जमवून ती लावायची, ही पद्धतच आहे. भजनाची असो, लग्नगीतांची असो, हार घालायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, मध्ये कुणी उठत नाही. माझी आतापर्यंतची सगळी मदार एकाच गोष्टीवर होती. ब्लॅक मेटलमध्ये शब्द कुणाला कळत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण समाजमंदिरात, मोठ्या स्पीकरवर, ज्यांच्या शिव्या त्यांच्याच समोर? अण्णा आता रिटायर झालेत. संध्याकाळी चौकातल्या बाकावर बसतात, त्याच माणसांबरोबर. तीस वर्षं मान खाली घालून त्यांनी ती बाकावरची जागा कमावली आहे. वॉलमनच्या पोरीने आपल्या शिव्या देशभर ऐकवून बक्षीस मिळवलं, हे एकाला जरी कळलं तरी ती जागा गेली. मला स्वतःचं काही नव्हतं, मी आपली नांदेडला. पण अण्णांना त्याच गल्लीत म्हातारं व्हायचं होतं.

मी नको म्हणून पाहिलं, आजाराचं कारण सांगून पाहिलं. अण्णा म्हणाले, "फ्लेक्स छापून झाला." आमच्याकडे फ्लेक्स छापून झाला म्हणजे विषय संपला. लग्न मोडेल, पण फ्लेक्स नाही.

रविवारी आम्ही तिघं लोहा, अहमदपूर करत लातूरला पोचलो. चौकात फ्लेक्स लागलेला. त्यावर लॅबच्या ओळखपत्रावरचा माझा फोटो, दोन वेण्या घातल्यासारखा बावळट, आणि खाली 'आमच्या वार्डाची गानकोकिळा'. ड्रमवाला हसून हसून रस्त्यात बसला. माझा मात्र जीव टांगणीला. सामान टेकवलं आणि आधी साउंडवाल्याला गाठलं. मिरवणुकीला लावतात तसले कपाटाएवढे स्पीकर त्याने मांडून ठेवले होते. मी म्हटलं, "भाऊ, पहिला ट्रॅक झाला की वायर काढायची. लाइट गेली म्हणायचं." तो म्हणाला, "काढतो की ताई, त्याच्यात काय." एवढ्या सहज हो म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

समाजमंदिर खचाखच भरलं होतं. पुढे सतरंजीवर बाया, मागे खुर्च्यांवर पुरुष, पहिल्या रांगेत गिरणीवाल्या काकू. आता त्यांचे केस पांढरे झालेत, पण पाठ तशीच ताठ. अण्णांनी पांढराशुभ्र सदरा घातला होता, त्याची कडक इस्त्री अजून मोडलेली नव्हती. वार्डाचे माजी नगरसेवक अध्यक्ष. शाल झाली, श्रीफळ झालं, 'लेकीने नाव काढलं' झालं. अण्णा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते आणि कुणी टाळी वाजवली की त्याच्याकडे वळून मान झुकवत होते. त्यांना इतकं खूश मी माझ्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं, आणि मला वाटत होतं, आत्ता इथून पळून जावं.

अध्यक्ष म्हणाले, "आता कॅसेट."

पहिला ट्रॅक म्हणजे नुसता नळाचा आवाज. पाणी यायच्या आधी नळ कसा खोकतो, हवा कशी घरघरते, ते मी आमच्याच मोरीत रेकॉर्ड केलं होतं. स्पीकरमधून ती घरघर निघाली आणि मागच्या दारापाशी बसलेल्या दोन बाया सवयीने ताडकन उठल्या. एकीने तर "अगं पाणी आलं!" म्हणून पायात चपलाही घातल्या. सगळं समाजमंदिर हसलं. हसू चालू असतानाच ट्रॅक संपला. मी साउंडवाल्याकडे बघून हाताने खूण केली. काढ!

त्याने काही काढलं नाही. दुसरं गाणं सुरू झालं आणि ड्रम असे कोसळले की भिंतीवरचं घड्याळ थरथरलं. मी धावत त्याच्यापाशी गेले. त्याच्या चेहऱ्यावर मी आजवर नवरदेवाच्याही चेहऱ्यावर पाहिला नाही असा आनंद. "ताई, बेस ऐका की! असा माल मला जन्मात मिळाला न्हाई!" असं म्हणून त्याने आवाज वाढवला. आणि मग माझा आवाज आला.

पोरांनी कान दाबले. एका बाळाने भोकाड पसरलं. अध्यक्षांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं, शेजारच्याने खांदे उडवले. पण कुणी उठलं नाही, पद्धत म्हणजे पद्धत. माणसं गुडघ्यांवर हात ठेवून, भजनाला बसतात तशी, ब्लॅक मेटल ऐकत बसली. एक आजोबा तर ठेकाही धरायला बघत होते, पण ड्रमवाल्याच्या वेगाला ते कुठून पुरणार. भीती होतीच, तरी माझ्या अंगावर काटा आला. ह्याच माणसांचं होतं हे सगळं आणि आता त्यांच्याच छातीवर आदळत होतं. आपली गाणी आपल्या गावात वाजताना ऐकणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. कुणालाही एक शब्द कळत नव्हता. एकेक गाणं सरत गेलं, मला वाटलं, सुटलो.

मग शेवटचं गाणं लागलं. तिसऱ्यांदा ते वाक्य आलं तेव्हा गिरणीवाल्या काकूंनी हात वर केला. "थांबीव! मागं घे!"

साउंडवाल्याने मागे घेतलं. काकूंनी कान पुढे केला. जिचं सारं आयुष्य खडखडाटातून गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकण्यात गेलं, तिला ही भणभण काय अडवणार? त्या उभ्या राहिल्या, हाताने खूण करून गाणं बंद करायला लावलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्ये तर माझं बोलणं हाय!"

अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्यावर वळले.

"मरताना तुझ्या तोंडात पाणी पडणार न्हाई," काकूंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून दाखवलं. "वॉलमनला म्हणले होते मी. माझ्या गिरणीच्या दारात! पोरी, व्हय का न्हाई?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण माझा स्वभावच वाईट, ऐन वेळेला खरंच निघतं. "हाव काकू. तुमचंच हाय. बाकीच्या गाण्यांतबी ह्या सगळ्यांच्याच शिव्या हायत."

काकू मागे वळून बायांना म्हणाल्या, "ऐकलं का! माझ्या बोलण्याला बक्षीस हाय. पुऱ्या देशातून!" आणि चक्क पदर सावरून ऐटीत खाली बसल्या. त्यासरशी एकीने विचारलं, "अन् माझं? तोंडात माती पडंल, ते माझं. घेतलं का?" दुसरी म्हणाली, "ते तुझं कुठलं, ते मी म्हणायचे!" पुरुषांतही कुजबुज सुरू झाली. पाच मिनिटांपूर्वी ज्यांना एक अक्षर कळत नव्हतं ते आता आपापली शिवी शोधायला लागले. ड्रमवाला माझ्या कानात म्हणाला, "ताई, आता रॉयल्टी मागतील." मला हसू आवरेना. मी अण्णांकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

अण्णा उठून माइकपाशी गेले होते. त्यांनी माइक हातात घेतला, आणि आधी नुसता श्वास ऐकू आला. मग त्यांचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि माझे अण्णा, ज्यांचा चढा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नाही, ते ओरडले.

"माझ्याबी घरात पाणी नव्हतं!"

आवाज मधेच फाटला. कपाटाएवढ्या स्पीकरांतून तो फाटलेला आवाज भिंतींवर आपटून परत आला. मी इतकी वर्षं घसा सोलवटून जे काढायला बघते, ते त्यांच्या तोंडून पहिल्या फटक्यात निघालं.

"खोटं," काकू म्हणाल्या.

"पोरीला इचारा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खरंच होतं ते. आमचं घर चढावर, लाइनच्या शेवटाला. खालच्या गल्ल्यांचं भरून झालं की आमच्या नळाला फक्त घरघर यायची, आणि आई लांबच्या बोअरवरून डोक्यावर हंडे आणायची. अण्णांनी मनात आणलं असतं तर खालचे व्हॉल्व्ह थोडे आधी बंद करून आमचा हौद भरला असता. त्यांनी कधी केलं नाही, आणि आम्हाला बाहेर बोलूही दिलं नाही. "वॉलमनच्या घरी पाणी न्हाई, ही काय सांगायची गोष्ट हाय?" म्हणायचे. त्यांना त्याची लाज वाटायची.

"हाव," मी म्हटलं. "आई हंडे आणायची." आई सतरंजीच्या टोकाला बसली होती, तिने पदर तोंडाला लावला.

काकू अण्णांकडे वळल्या. "मंग तवाच बोलायचं व्हतं की भाऊजी."

"तुमी ऐकून घेतलं असतं का वहिनी?"

काकूंनी विचार केला. खरोखर केला, भुवया जवळ आणून, कुणाच्या दळणाचं वजन आठवावं तसा.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

अण्णांनी मान हलवली. माइक अजून त्यांच्याच हातात होता. त्यांनी साउंडवाल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लाव उरलेलं. ऐकू दे त्यांना."